तालुक्याच्या कोर्टातून विधानभवनात : आमचे वकीलसाहेब, आणि तुमच्या गावचे?

जुना_ज्युनिअर (नागपूर) · रविवार, दुपारी ३:१०

डिसेंबर लागला की अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्समधल्या दुभाजकांना रंग चढतो, आमदार निवासाच्या गाद्या उन्हात पडतात आणि मला हायकोर्टात पोचायला वीस मिनिटं जास्त लागतात. बॅरिकेडपाशी गाडी थांबली की दरवर्षी आमचे सिनियर आठवतात. कधीची लिहीन लिहीन म्हणतोय. आज रविवार आहे, थंडी आहे, बायको माहेरी आहे. लिहूनच टाकतो.

नाव-गाव टाकत नाही. नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचं, धानाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. पक्षही सांगत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून त्यावरच जुंपेल. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत, निवडून आल्यावरसुद्धा. कुणी 'आमदारसाहेब' अशी हाक मारली की माणूस बाहेरगावचा, हे आम्ही ओळखायचो.

मी १९८३ साली एलएल.बी. होऊन त्यांच्याकडे लागलो. कोर्ट म्हणजे कौलारू इमारत, मागे तहसील, समोर कडुनिंबाखाली अर्जनवीस आणि स्टॅम्प वेंडर. ऑफिस त्यांच्या घराच्या ओसरीत. एक टेबल, दोन बाकं, लाल फडक्यात बांधलेल्या फायली आणि मुन्शीजी. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: आमच्याकडे वकिलाच्या कारकुनाला मुन्शी म्हणतात आणि कोर्टाच्या तारखेला पेशी.)

पक्षकार आला की साहेब आधी कागद बघत नसत. 'सांग' म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. माणसाचं सांगून संपलं की एकच प्रश्न, "आता हेच तुह्या भावाच्या तोंडून सांग." म्हणजे ज्याच्याशी वाद आहे त्याची बाजू त्याच माणसाने मांडायची. गडी अडखळला की निकाल तिथेच: "तुही केस कमजोर हाय गड्या. आपसात करून घे." निम्मे लोक उठून रस्त्यापलीकडच्या वकिलाकडे जायचे. उरलेले दोन-दोन पिढ्या टिकले.

१९८५ ला उभे कसे राहिले तेही मजेशीर आहे. ज्याचं तिकीट पक्कं होतं त्याचं आणि जिल्ह्याच्या पुढाऱ्याचं ऐन वेळी बिनसलं. साहेब बार रूममध्ये कॅरम खेळत होते, तिथे निरोप आला. डाव पूर्ण करून उठले. विधानसभेची अनामत तेव्हा २५० रुपये होती. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, बँकेत जायला वेळ नाही, म्हणून मुन्शीजींनी ती रक्कम कोर्ट फीच्या डब्यातून काढली आणि वहीत 'साहेबांकडे उसने' अशी नोंद केली. ती नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे. प्रचाराला गेलो त्या प्रत्येक गावात त्यांचा एक जिंकलेला पक्षकार निघायचा. तोच पाणी द्यायचा, तोच ओट्यावर सतरंजी टाकायचा. प्रत्येक गावात एक हरलेलाही असतो, हे आम्हाला पाच वर्षांनी कळलं.

निवडून आले. पहिल्या अधिवेशनात साफ आपटले. वक्तृत्वात नव्हे, प्रश्न विचारण्यात.

ज्यांनी विधिमंडळाची तारांकित (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांची यादी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथे प्रश्न 'हे खरे आहे काय' असा सुरू होतो आणि पुढचे भाग 'असल्यास' या शब्दाने त्याला लटकलेले असतात. खात्याने पहिल्या भागाला 'नाही' म्हटलं की खालच्या सगळ्यांसमोर तीन शब्द छापून येतात: 'प्रश्न उद्भवत नाही'. साहेबांचे प्रश्न एकामागून एक असेच गेले. आमदार निवासाच्या खोलीत ती छापील यादी हातात धरून बराच वेळ बसले होते. मग स्वतःवरच हसले. म्हणाले, "अरे, मी सरतपासणीसारखं विचारून राहिलो. हा तर समोरच्याचा साक्षीदार आहे. याची उलटतपासणी पाहिजे."

पुढच्या खेपेला मला समोर बसवून प्रश्न लिहवून घेतला. मतदारसंघातल्या एका खेड्यात शाळेच्या नव्या खोल्यांचं काम वन खात्याने अडवलं होतं. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद. शाळेला जागा जिल्हाधिकाऱ्यांनी कधीतरी दिली होती, पण तो आदेश कुणाकडे नाही. तहसीलमध्ये नक्कल मागितली की 'अभिलेख सापडत नाही'. तीन वर्षं हेच. मी आपला लिहिला: 'सदर बांधकामास वन विभागाने विनाकारण हरकत घेतली, हे खरे आहे काय?' त्यांनी कागद फाडला. "विनाकारण म्हणलं की तो नाही म्हणून मोकळा." मग स्वतः सांगितला. त्यात 'खरे आहे काय' कुठेच नव्हतं. सदर जमीन शाळेस कोणत्या आदेशान्वये देण्यात आली, त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक काय आहे. त्या दिनांकास अधिकार अभिलेखात जमिनीची नोंद काय होती. आदेशाची मूळ प्रत सध्या कोणत्या कार्यालयात आहे. बस. 'क्रमांक काय' याला 'नाही' हे उत्तर होत नाही.

माहितीचा अधिकार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. जो आदेश तहसीलला तीन वर्षं सापडला नाही, त्याचा क्रमांक आणि १९७४ ची तारीख मंत्र्यांनी सभागृहात वाचून दाखवली. साहेब 'आभारी आहे' म्हणून खाली बसले. उपप्रश्नही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ नाही. मला संध्याकाळी म्हणाले, "सकाळच्या एसटीने जा आणि नकलेचा अर्ज टाक."

अशा पाच-सहा गोष्टी त्यांनी केल्या. १९९० ला पडले. आमदाराकडे माणूस येतो तो 'होऊन जाईल जी' एवढं ऐकायला. हे तिथेही डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "तुहं काम नियमात बसत नाही." एका मास्तरांच्या बदलीसाठी पूर्ण गाव ट्रॅक्टर भरून आलं होतं, त्यांनाही हेच. ट्रॅक्टर परत गेला तेव्हाच मुन्शीजी म्हणाले होते, "गेली हे सीट."

निकालानंतरच्या सोमवारी साहेब कोट घालून कोर्टात हजर. पुकारा झाला, उभे राहिले. न्यायाधीश नवीन बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "आपलं नाव?"

तुमच्याकडे असे कुणी होते का? लिहा.

---

तर्री_पोहे · रविवार, ४:०२

भारी लिवलं भाऊ. बार रूममधला कॅरम डोळ्यांसमोर आला.

बाकी त्या विधानभवनाचे किस्से सांगावे तेवढे कमी. जुलै २०१८ आठवते का? थंडीऐवजी पावसाळ्यात अधिवेशन घेतलं आणि एका पावसात तिथली वीजच गेली. कामकाज बंद. नाली साफ करायला गेले तर आतून दारूच्या बाटल्या निघाल्या. त्यावर 'हे खरे आहे काय' कुणी विचारलं असेल तर उत्तर काय आलं असेल बे?

---

मधुरा_ठाणे · रविवार, ५:२५

फार आवडलं. काही बाळबोध प्रश्न. १) झुडपी जंगल म्हणजे नक्की काय? झुडपं आहेत म्हणून जंगल की जंगल आहे म्हणून झुडपं? २) आमदार असताना वकिली करता येते? पगार तर सरकारचा ना? ३) एवढे सगळे वकीलच का असतात राजकारणात?

---

सातबारा_निवृत्त (भंडारा) · रविवार, ७:४०

मधुराताई, पहिल्याचं उत्तर मी देतो. चौतीस वर्षं महसुलात काढली, त्यातली निम्मी या दोन शब्दांत गेली.

आमच्या पूर्व विदर्भात मालगुजारी होती. गावाचा मालक मालगुजार. धानाची, गव्हाची चांगली जमीन सोडली की उरलेली खडकाळ, मुरमाड जमीन, जिच्यावर बोरी, पळस, तरवड असलं काहीबाही उगवतं, ती गावाच्या गुरांसाठी आणि जळणासाठी राखलेली. तिची नोंद कागदावर 'झुडपी जंगल'. आपल्याच शेजारी 'मोठ्या झाडांचे जंगल' अशी वेगळी नोंदही सापडेल. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि पुढच्या वर्षी या जमिनी सरकारजमा झाल्या. तेव्हा आपण मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. कागद मात्र जुनेच. पुण्याकडून आलेला अधिकारी हा शब्द वाचून डोकं खाजवायचा, कारण त्याच्याकडे गायरान असतं, झुडपी नसतं.

जिल्हाधिकाऱ्यांनी त्यातून शाळा, दवाखाने, स्मशानभूमी, घरकुलं यांना जागा दिल्या. कुणालाही वावगं वाटलं नाही. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. 'जंगल' हा शब्द कागदावर आहे म्हटल्यावर केंद्राच्या मंजुरीशिवाय खिळा ठोकता येईना. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सहा जिल्हे अडकले. वऱ्हाडात ही भानगड नाही, तिथली पद्धतच वेगळी.

आता एक दुरुस्ती, राग मानू नका. 'अभिलेख सापडत नाही' हे दरवेळी चालढकल म्हणून लिहिलेलं नसायचं. १९७४ चा आदेश, मधे जिल्हे फुटले, रेकॉर्ड रूम हलल्या, वाळवी. मीही ते वाक्य लिहिलेलं आहे आणि दोन वेळा खरं लिहिलेलं आहे.

---

जुना_ज्युनिअर · रविवार, ९:१५

सातबारासाहेब, राग कसला. दोन वेळा खरं, हे तुम्ही कबूल केलंत हेच पुष्कळ. 🙂

मधुराताई, दुसऱ्याचं उत्तर: करता येते. बार कौन्सिलचा नियम पूर्णवेळ पगारी नोकराला वकिलीची मनाई करतो, आणि आमदार-खासदार हा त्या अर्थाने कुणाचा नोकर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये याचिका फेटाळताना हेच सांगितलं.

आता करता येते म्हणजे कोण करतो, तेही सांगतो. ज्युनिअर करतो. ती पाच वर्षं अधिवेशन मुंबईत असो की नागपुरात, तालुक्याचा बोर्ड, म्हणजे रोजच्या केसेस, मी एकट्याने ओढला. फी साहेबांच्या नावाने यायची, ती मुन्शीजींच्या डब्यात जायची आणि डब्यातून कार्यकर्त्यांच्या चहाला जायची. माझं लग्न दोनदा पुढे ढकललं गेलं. मुलीकडच्यांना वाटे, पोरगा आमदाराकडे आहे म्हणजे बक्कळ कमावतो. माझ्याकडे सायकल होती. साहेबांना हे कधी दिसलं नाही. दुसऱ्याची बाजू डोळे मिटून ऐकणारा माणूस, पण घरच्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्याची बाजू त्यांनी कधी मागितली नाही. लेखात हे टाकलं नव्हतं, टाकायला हवं होतं.

तिसऱ्यावर बाकीचे लिहितील.

---

वऱ्हाडी_ठेचा (अमरावती) · रविवार, ११:५०

तिसऱ्यावर मी लिहितो, कारण नागपूरकरांना वाटतं विधानभवन त्यांचं. जरा आठवण करून देतो की त्या सभागृहात आवाज अमरावतीच्या बार रूमचा घुमायचा.

कारणं सोपी आहेत. इंग्रजांच्या काळात कौन्सिलचं कामकाज इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत. ते ज्याला येतं, ज्याचा रोजगार दोन दिवस बुडाला तरी चूल बंद पडत नाही आणि ज्याला पन्नास गावांतले लोक नावाने ओळखतात, असा माणूस तालुक्यात एकच: वकील. डॉक्टरलाही लोक ओळखतात, पण तो दवाखाना सोडून जाऊ शकत नाही. वकिलाला तारीख घेता येते.

श्रीपाद बळवंत तांबे यांचं नाव आता अमरावतीतही फार जणांना ठाऊक नाही. वकील. स्वराज्य पक्षाचे, म्हणजे कौन्सिलात शिरून सरकारची आतून अडवणूक करायची म्हणणाऱ्यांचे. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला निर्भेळ बहुमत मिळालं ते फक्त मध्यप्रांताच्या कौन्सिलमध्ये. यांनी तिथे जाऊन काय करावं? मंत्र्यांचा पगारच कापला. किती ठेवला, तर वर्षाला दोन रुपये! कोण होणार मंत्री? द्विदल राज्यपद्धतीचं (काही खाती मंत्र्यांकडे, बाकीची गव्हर्नरच्या मंडळाकडे) गाडं तिथंच रुतलं. तांबे पुढे कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आणि १९२५ च्या ऑक्टोबरात या गृहस्थांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागाच स्वीकारली. ज्यांची अडवणूक करायची त्यांच्याच मांडीला मांडी. मोतीलाल नेहरू भडकले. इकडून केळकर, जयकर, नागपूरचे मुंजे म्हणू लागले की त्यात एवढं काय चुकलं. त्यातून प्रतियोगी सहकारवाद्यांची (सरकार जेवढं देईल तेवढं सहकार्य, असं म्हणणाऱ्यांची) वेगळी चूल मांडली गेली आणि स्वराज्य पक्ष फुटला. एका वकिलाने एक पद घेतलं आणि देशपातळीवरचा पक्ष उभा चिरला. १९२९ मध्ये तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही होते. गद्दार की व्यवहारी, यावर आमचे आजोबा आणि त्यांचे मित्र मरेपर्यंत भांडले. माझं मत विचाराल तर पक्षाला विचारून गेले असते तर एवढं झालं नसतं. पण विचारलं असतं तर जाता आलं नसतं, हेही आहेच.

दुसरे पंजाबराव देशमुख. बॅरिस्टर होऊन आले, अमरावतीत वकिली सुरू केली. १९२७ चा अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह त्यांचाच. १९३० ला कौन्सिलमध्ये गेले आणि थेट मंत्री. सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुणब्याची केस त्यांनी कोर्टात पाहिली होती, म्हणून कर्ज लवादाच्या कायद्यासाठी ते धडपडले. तो कायदा १९३३ चा. पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले, शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ते सगळ्यांना माहीत आहे.

वणीचे बापूजी अणे राहिले. यवतमाळचे वकील. वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेतला आणि १९६२ ला वयाच्या ऐंशीनंतर याच नागपूरने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं.

आता सांगा विधानभवन कोणाचं.

---

तर्री_पोहे · सोमवार, सकाळी ८:२०

ठेचाभाऊ, झोंबला. 🌶️ पण आमच्याकडे बॅरिस्टर शेषराव वानखेडे आहेत हे विसरू नका. १९७२ ते ७७ विधानसभेचे अध्यक्ष. आमदारांच्या क्रिकेट सामन्याला मुंबईत मैदान मिळेना, तर सांगतात की नागपूरचा गडी हट्टाला पेटला आणि शेजारी नवं स्टेडियमच बांधून काढलं. जानेवारी १९७५ ला वेस्ट इंडिजसोबत पहिली कसोटी. मुंबईकर ज्याला आपलं समजतात ते नाव आमचं आहे.

---

छत्तीसगढी_जावई · सोमवार, ९:४५

सासुरवाडीच्या वतीने एक भर. दुर्गचे वकील घनश्यामसिंह गुप्त. दुर्ग तेव्हा छोटंसं गाव. १९३७ ते १९५२ नागपूरच्या या सभागृहाचे ते अध्यक्ष होते. संविधानाच्या हिंदी अनुवादाच्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. रायपूरचे वकील रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री आणि दुर्गचे वकील अध्यक्ष, असं ते राज्य नागपुरातून चालायचं. आमच्या सासऱ्यांच्या मते नागपूर-हावडा लाइनवर जेवढे वकील त्या काळी फिरले तेवढे गार्डसुद्धा फिरले नसतील.

---

धरमपेठ_चौक · सोमवार, दुपारी १:३०

कौतुक सोहळा छान चालला आहे. मीठ टाकतो.

वकील आमदार झाला की त्याला पहिली गोष्ट कळते ती कोणत्या जमिनीचा कागद कच्चा आहे. बाकीच्यांना ते शोधायला पैसे मोजावे लागतात. गेल्या चाळीस वर्षांत नागपूरच्या आसपास काय झालं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, नावं घ्यायची गरज नाही. धागाकर्त्याचे साहेब तसे नसतील, मान्य. पण ते आमदार म्हणून टिकले नाहीत आणि जे तसे होते ते टिकले.

दुसरं, झुडपी म्हणजे पडीक असा सूर इथे लागतो आहे, तो पटत नाही. त्या बोरी-पळसांत तितर आहे, ससा आहे, मोर आहे, आणि धनगर-गोवारी समाजाची गुरं तिथेच चरतात. शाळेच्या दोन खोल्यांचं नाव पुढे करून त्याच्या आडून लेआउट, म्हणजे घरांचे प्लॉट, पडतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच विधानभवनावर आलेल्या मोर्च्यात ११४ गोवारी चेंगरून मेले. त्या वेळी सभागृहात कितीतरी वकील बसलेले असतील.

---

जुना_ज्युनिअर · सोमवार, २:१५

धरमपेठ, ९४ ला साहेब आमदार नव्हते. पण त्या संध्याकाळी ते नागपुरातच होते, हायकोर्टाच्या कामाने. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गेले. तिथे काय पाहिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लेआउटबद्दल तुमचं म्हणणं खोडत नाही.

---

शीघ्रलिपी · सोमवार, रात्री १०:०५

मी एरवी इथे फक्त वाचते. विधिमंडळात प्रतिवेदक होते, आता निवृत्त. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसून शब्दन् शब्द उतरवणारे आम्ही. थोडी मिनिटं लिहायचं, दुसरा येऊन बसला की उठायचं, वर जाऊन टंकलिखित करायचं.

सदस्य आमच्या लेखी दोनच प्रकारचे, लिहायला सोपे आणि अवघड. वकील सोपे. वाक्याला कर्ता असतो, क्रियापद असतं, 'मुद्दा क्रमांक तीन' असं म्हणून तिसराच मुद्दा मांडतात. अवघड ते, जे भावनेच्या भरात वाक्य अर्ध्यावर सोडून अध्यक्षांच्या आसनाकडे धावतात. पण एक निरीक्षण आहे. वकील सदस्य बोलायला उभे राहिले की गॅलरी रिकामी व्हायची. पत्रकार चहाला. अवघड सदस्य उभे राहिले की गॅलरी भरायची. दुसऱ्या दिवशीचे मथळे आमच्या अपूर्ण वाक्यांचेच असायचे, टिंब टिंब टिंबांसकट.

'आभारी आहे' म्हणून खाली बसणारे, उपप्रश्न न विचारणारे एक सदस्य मला आठवतात. १९८६-८७ च्या आसपास. उत्तर मिळाल्यावर कोटाच्या खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी लिहून घ्यायचे. बाकीचे कागद हलवत ओरडत असायचे आणि हे आपले लिहीत बसलेले. तेच होते की दुसरे कोणी, देव जाणे.

---

जुना_ज्युनिअर · सोमवार, रात्री १०:४०

ताई, डायरी कुठल्या रंगाची?

---

शीघ्रलिपी · सोमवार, रात्री १०:५२

ते कसं आठवणार हो इतक्या वर्षांनी. काळपट असावी. बारीक पेन्सिल अडकवलेली होती, एवढं नक्की.

---

जुना_ज्युनिअर · सोमवार, रात्री १०:५५

पेन्सिलच होती. पेन गळतं म्हणून.

---

मधुरा_ठाणे · मंगळवार, सकाळी ७:३०

अंगावर काटा आला. पण त्या शाळेचं पुढे काय झालं? खोल्या झाल्या का?

---

बार_रूम_बेंच · मंगळवार, ११:००

मधेच तांत्रिक शंका. मंत्र्याने सभागृहात दिलेलं उत्तर कोर्टात पुरावा म्हणून कितपत चालतं? मजकूर खरा आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही, असं आम्ही शिकलो.

---

जुना_ज्युनिअर · शुक्रवार, रात्री ९:२०

उशीर झाला, कारण उत्तर शोधायला गावी जावं लागलं.

बेंच, बरोबर शिकलात. साहेबही उत्तराकडे पुरावा म्हणून पाहत नव्हते. त्यांना त्यातून कागदाचा पत्ता हवा होता. क्रमांक, तारीख आणि कार्यालय कळलं की नकलेच्या अर्जावर 'सापडत नाही' लिहायची पंचाईत होते, कारण मंत्री म्हणतात आहे. नक्कल मिळाली आणि ती दाखवून काम सुरू झालं. मधुराताई, खोल्या झाल्या, दोन. तिसरीचा पाया भरून राहिला तो राहिलाच, कारण तोवर वन खात्याने पुन्हा पत्र पाठवलं. त्या पायावर आता पोट्टे जेवायला बसतात.

योगायोग असा की मधुराताईंनी विचारलं त्याच दुपारी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जमीन ही वनच धरली, पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाट ठेवली आहे. (धरमपेठ, त्यानंतरच्या वाटपांना ही सवलत नाही, तेव्हा लेआउटवाल्यांचं तुम्ही बघा.) त्यामुळे आता जो तो १९९६ च्या आधीचा कागद शोधतो आहे. शाळेकडची नक्कल एका पावसाळ्यात कपाटासकट भिजली. तहसीलमधून काय उत्तर आलं ते सातबारासाहेबांना सांगायला नको.

मी बुधवारी गेलो. ओसरी आता नाही, तिथे मोबाईलचं दुकान आहे. मुन्शीजींचा मुलगा भेटला, त्याच कोर्टात स्टॅम्प वेंडर आहे. माळ्यावर वडलांची पत्र्याची पेटी होती. किल्ली हरवलेली, कडी तोडली. आत लाल फडक्यातल्या फायली, उंदरांनी कडा कुरतडलेल्या, आणि मुन्शीजींच्या वह्या. १९८५ च्या वहीत 'साहेबांकडे उसने २५०' सापडलं. त्यापुढे दुसऱ्या शाईने 'जमा', आणि तारीख मात्र १९९० ची, निकालानंतरच्या आठवड्यातली. पाच वर्षं ते उसने उभे होते आणि पडल्यावर फेडले.

शाळेची फाईल चौथ्या गठ्ठ्यात होती. १९७४ च्या आदेशाची प्रमाणित नक्कल, तहसीलचा गोल शिक्का अजून वाचता येतो. पाठीमागे पेन्सिलीने साहेबांचं अक्षर: 'नक्कल फी पक्षकाराकडून घेऊ नये.' आणि त्याखाली, 'ज्युनिअरचे एसटी भाडे देणे.'

ते मिळालं होतं की नाही, मला खरंच आठवत नाही.

मुख्याध्यापकांनी स्टँडजवळच्या दुकानात तीन झेरॉक्स काढल्या, पुढून-मागून. चौथी मी काढली.

---

सातबारा_निवृत्त (भंडारा) · शुक्रवार, रात्री ९:४५

मूळ नक्कल शाळेत ठेवू नका. प्रस्तावाला झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक टाकून घ्या. क्रमांकाशिवाय पोच घेऊ नका.